बंड्या, तुझा जुना लॅपटॉप काढ

प्रिय बंड्या,

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच, बाबा रोज सकाळी चौपाटीला जातात. आता मुद्द्याचं, हे गिरगावात दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही.

मंडळाचं पावतीचं अ‍ॅप बिल्ड होत नाहीये. पोरांचे फोन नवे, आपलं टार्गेट एसडीके, म्हणजे कुठल्या अँड्रॉइडसाठी बनवलंय तो आकडा, जुनं, त्यामुळे नव्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅप दिसतच नाही. यंदा 2025 ला गणपती 27 ऑगस्टला, 31 ऑगस्टपासून प्ले स्टोअरवर अपडेटला टार्गेट 35 लागणार, म्हटलं एकदाच काय ते उरकू, म्हणून अँड्रॉइड स्टुडिओ अपडेट करून प्रोजेक्ट उघडला. पहिलीच एरर, अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 65. म्हणजे जावा 21, नव्या स्टुडिओबरोबर तोच येतो, आणि आपलं बिल्ड करणारं टूल ग्रेडल, त्याची आवृत्ती ठरवणारा रॅपर अजून 6.5 वर, जावा 21 साठी निदान 8.5 तरी पाहिजे. रॅपर 8.9 केला, अँड्रॉइडचा प्लगइन 8.7, तर म्हणे नेमस्पेस, म्हणजे कोडचं पॅकेज-नाव, कुठाय? ते आता मॅनिफेस्टमधल्या पॅकेजवरून घेत नाहीत, प्रत्येक मॉड्यूलच्या बिल्ड फाइलमध्ये लिहावं लागतं. ते लिहिलं तर बिल्डकॉन्फिग हा आपोआप बनणारा क्लास गायब, प्लगइन 8 पासून बाय डीफॉल्ट बंद असतो, चालू केला. विरार लोकलच्या दारासारखं, एक उतरला की मागे दहा उभे.

पण हे सगळं सुटतं रे, वाचलं की कळतं. अडलंय ते तुझ्या प्रिंटर मॉड्यूलपाशी. ती ब्लूटूथ प्रिंटरची लायब्ररी जेसेंटर या ऑनलाइन साठ्यावर होती ना, ते बंद करायचं 2021 लाच जाहीर झालं होतं, आणि ही लायब्ररी मेव्हन सेंट्रल या दुसऱ्या साठ्यावर कोणी टाकलीच नाही. कुड नॉट फाइंड, बस. माझा तेव्हाचा लॅपटॉप कधीच भंगारात गेला. आठवतंय, मी म्हणालो होतो लायब्ररीची एएआर फाइल प्रोजेक्टच्याच लिब्स फोल्डरमध्ये टाकून ठेवू, आणि तू चाळीच्या गॅलरीत उभा राहून भांडलास, तयार बायनरी फाइल रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, टाकत नाहीत म्हणे! खालच्या काकूंना वाटलं वाटणीवरून भांडण चाललंय.

दुसरी लायब्ररी लावून बघितली. छापते, पण तिची इमेज पाठवायची पद्धत वेगळी. प्रिंटरला देवनागरी फॉन्ट नाही म्हणून तू अख्खी पावती चित्र म्हणून काढलीस, 58 मिमीच्या कागदावर 384 ठिपके, ते ठिपके या लायब्ररीत मधेच तुटतात, ‘श्री’ची वेलांटी एकीकडे न् बाकी एकीकडे. खजिनदार काका म्हणतात इंग्रजीत छापा नाहीतर पावतीपुस्तक काढा. मला दोन्ही नकोय. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी ती पावती देवघरात ठेवतात रे, मराठीत नाव आलंय म्हणून. तुझं ते काम असं जाऊ देणार नाही मी.

तू बाबा झालास ते कळलं, खूप आनंद झाला, फोटो पाठव, वहिनींना विचारलंय सांग. नवी नोकरी कशी आहे ते फोनवर सांग.

आणि तो जुना काळा लॅपटॉप, बंगलोरला नेला होतास तो, असेल तर काढ, ती जुनी लायब्ररी डाउनलोड होऊन त्यात अजून पडलेली असेल. नेट बंद ठेव आणि स्टुडिओ अजिबात उघडू नकोस, बरेच दिवस न वापरलेल्या डाउनलोड फाइल्स ग्रेडल स्वतःच साफ करतं, चालू झालं की तीही जाईल. होम फोल्डरमध्ये डॉट ग्रेडल असेल, लपलेलं असतं, त्यात कॅशेस, त्यात मॉड्यूल्स-2, त्यात फाइल्स-2.1. तो अख्खा फोल्डर आधी पेनड्राइव्हवर कॉपी कर आणि मग मला फोन कर, रात्री कितीही वाजता. या वेळी ती एएआर रेपोतच जाणार आहे, त्यावरून भांडायचं असेल तर गणपतीत ये.

तुझाच,
सुऱ्या