गायरानावरचा गोल्फ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोल्फचं मैदान म्हणजे कुंपणाआडची चैन आणि पाण्याची नासाडी, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. बऱ्याच मैदानांबाबत ते खरंही आहे. म्हणूनच स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’बद्दल लिहावंसं वाटलं. मुलीकडे गेलो असताना एका रविवारी तिथे चालून आलो. रविवारी खेळ बंद आणि मैदान गावाला मोकळं. जिथे ‘ओपन’ ही ब्रिटनमधली मानाची गोल्फ स्पर्धा 30 वेळा झाली, तिथे म्हातारी माणसं कुत्री फिरवत होती, पोरं ओढ्यावरच्या दगडी पुलावर चढत होती. आपल्या भाषेत ते गावाचं गायरानच. तिथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क 1552 च्या सनदेत नोंदलेला आहे.

पाटबंधारे खात्यात मी आयुष्यभर जमिनीचे चढउतार मोजले, त्यामुळे माझे डोळे तिकडेच गेले. कृत्रिम तळी कुठेच नाहीत. 112 बंकर म्हणजे वाळूचे खड्डे, समुद्रावरचा वारा आणि उंचसखल जमीन, एवढ्यावर सगळी परीक्षा. होल (पहिल्या फटक्यापासून खळीपर्यंतचा एकेक टप्पा) 18, पण ग्रीन (खळीभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) 11 च, कारण सात ग्रीनवर दोन-दोन होल आहेत. दुसऱ्याचा जोडीदार सोळावा, तिसऱ्याचा पंधरावा. प्रत्येक जोडीची बेरीज 18!

सतराव्या होलपाशी मात्र पाय निघेना. 495 यार्ड, पार 4, म्हणजे चार फटक्यांत चेंडू खळीत जाणं अपेक्षित. पहिला फटका हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून मारायचा. चेंडू कुठे पडणार ते दिसत नाही. ग्रीन अरुंद, पुढच्या अंगाला खोल बंकर, मागे रस्ता आणि दगडी भिंत. बंकर टाळायला जोर लावला की चेंडू रस्त्यावर, आणि तिथूनही तो आहे तसाच खेळायचा. बंकर तसा लहान आहे, पण भोवतालचे उतार त्याचं पाणलोट क्षेत्र असावं तसे आहेत. लांबून येणारा चेंडूही तिकडेच वळतो. 1978 मध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचला होता. त्याचा पट, म्हणजे खळीकडे हलकेच ढकललेला चेंडू, घरंगळत बंकरात गेला आणि त्या एका होलला 9 फटके लागले. अमेरिकेचा नामवंत गोल्फपटू बॉबी जोन्सने तर इथेच 1921 मध्ये अकराव्या होलवर वैतागून डाव सोडला होता. 1927 मध्ये त्याच मैदानावर त्याने ओपन जिंकली.

आपल्याकडे नव्या मैदानाची जाहिरात लांबी आणि तळी दाखवून होते. आखणी करणाऱ्यांनी आधी जमीन पायी फिरून वाचावी, असं मला कळकळीने वाटतं. आणि सार्वजनिक जमिनीवर जिथे गोल्फ चालतो, तिथे आठवड्यातला एक दिवस तरी फाटक सर्वांसाठी उघडं ठेवावं.

2027 च्या जुलैमध्ये ओपन पुन्हा सेंट अँड्र्यूजला आहे. तेव्हा क्रीडा पानावर नुसता गुणफलक न देता सतराव्या होलचा नकाशाही छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त अभियंता, सातारा