अर्ध्या कपाळाला खोबरेल

ताई,

आभार मानले की "एवढं काय केलंय मी" असं म्हणाल तुम्ही. म्हणा. काल रात्री आजीच्या चेहऱ्याचा रेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून कॉम्प्युटरने काढलेलं चित्र, आईला दाखवला. तिने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाली, "न्हाऊन वेणी घालायला बसायची ना, तेव्हा अशीच दिसायची." मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

हप्ते भरून ज्या क्लासात थ्रीडी शिकलो, तिथे सावळ्या त्वचेवर एकच औषध होतं: टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवलेलं रंगाचं चित्र, डार्क कर. केलं, तर आजी शाडूची झाली. सबसरफेस, म्हणजे त्वचेच्या आत उजेड पसरवणारं सेटिंग, वाढवला, तर मेणाची. सर म्हणाले, "गोरं मॉडेल घे की, कशाला डोकं लावतोस?" ते "कशाला" अजून खुपतं.

थिअरी मला पाठ होती. त्वचेत शिरलेला उजेड आत भटकून भलतीकडूनच बाहेर पडतो, त्यात लाल सगळ्यात लांब जातो. हे कॉम्प्युटरवर कसं मांडायचं याचा येन्सन मंडळींचा २००१ चा पेपर वाचला होता, त्या कामाला २००४ मध्ये ऑस्करवाल्यांचा तांत्रिक पुरस्कार मिळाला हेही माहीत होतं. कुठला रंग आत किती लांब पसरतो याचे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले आकडे, लाल १, हिरवा ०.२, निळा ०.१, तर झोपेतही सांगितले असते. आजी मेणाचीच.

तुम्ही फाइल मागितलीच नाहीत. व्हिडिओ कॉलवर "थांब हं" म्हणून उठलात, खोबरेलाची बाटली आणलीत, अर्ध्या कपाळाला तेल चोळलंत आणि खिडकीशी जाऊन बसलात. "बघ, रंग बदलला का?"

रंग तोच होता, आजीचाच म्हणावा असा. पण तेलाच्या बाजूला भुवईवर खिडकीचा निळसर उजेड उतरला होता. कोरड्या बाजूला तोच उजेड पसरून फिका झाला होता. "आत गेलेला बराचसा उजेड मेलॅनिन, त्वचेला सावळेपणा देणारं द्रव्य, गिळतं," तुम्ही म्हणालात, "आपल्या रंगाचा चेहरा वरच्या चकाकीवर वाचायचा. रंगाचं नंतर बघ."

तेवढ्यात तुमच्या ऑफिसचा फोन आला. तोही तुम्ही तशाच, अर्ध्या तेलकट कपाळाने घेतलात! ना माझी ओळख, ना पाळख. शिकवण्याचे पैसे घेणारे घड्याळ बघत होते आणि तुम्ही मात्र तेल पुसायलाही उठला नाहीत. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

आजीच्या फाइलमध्ये रफनेस मॅपचं, म्हणजे त्वचा कुठे किती चकाकेल ते ठरवणाऱ्या चित्राचं, नाव मी 'खोबरेल' ठेवलंय. आणि आईने विचारलंय, तुम्हाला पुरणपोळी दुधाबरोबर लागते की तुपाबरोबर?