चर्चची शाळा आणि फी

इंदूर, रामबाग

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

‘चर्चची शाळा, तर फी कसली?’ असं तू फोनवर वैतागून म्हणालीस. रेवाच्या शाळेचं मला ठाऊक नाही, पण अमेरिकेतल्या तुमच्या मेरीलँडमध्येच अशा शाळांची घडी बसवणाऱ्या एलिझाबेथ सेटन यांच्याबद्दल वाचलंय, ते सांगते.

बाई न्यूयॉर्कच्या खात्यापित्या घरातल्या. नवऱ्याचा व्यापार बुडाला, १८०३ मध्ये इटलीत क्षयाने ते गेले. पदरात पाच मुलं. १८०५ मध्ये बाई प्रोटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक झाल्या आणि सोयऱ्याधायऱ्यांपैकी कित्येकांनी पाठ फिरवली. शिकवण्या करून पोट भरायला त्या १८०८ मध्ये बाल्टिमोरला आल्या, पुढच्या वर्षी एमिट्सबर्ग या खेड्यात गेल्या. तिथे सिस्टरांचा, म्हणजे संन्यस्त ख्रिस्ती बायकांचा, संघ उभा केला. विधवेने कारभार हाती घेण्याचं आपल्या इंदूरकरांना काय नवल म्हणा!

फेब्रुवारी १८१० मध्ये, घराचं बांधकाम पुरं व्हायच्या आतच, त्यांनी गावातल्या मुलींची शाळा सुरू केली. फी नाही. पण सिस्टरांनी जेवायचं काय? त्याच वर्षी सधन घरच्या मुली वसतिगृहात ठेवून घेतल्या, त्यांच्याकडून पैसे घेतले. त्या पैशावर गरीब मुलींचा वर्ग चालला. १९७५ मध्ये पोपनी बाईंना संतपद दिलं, पण मला त्यांचा हा हिशेबच जास्त आवडला.

ही अमेरिकेतली पहिली कॅथलिक शाळा असं काही जण ठोकून देतात, ते खरं नाही. न्यू ऑर्लिन्सला, ते फ्रेंचांच्या ताब्यात असताना, १७२७ पासून उर्सुलाइन नावाच्या संघाच्या सिस्टर मुलींना शिकवत होत्या.

पुढे आयर्लंड-जर्मनीहून गरीब कॅथलिक लोंढ्याने आले. सरकारी शाळांत प्रोटेस्टंटांचं बायबल वाचलं जाई, त्यावरून १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगलीही पेटल्या. शेवटी १८८४ मध्ये बाल्टिमोरला बिशपांची परिषद भरली आणि प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या वस्तीने, दोन वर्षांत शाळा काढावी असं ठरलं. त्या चालल्या मुख्यतः सिस्टरांच्या जिवावर, नाममात्र पगारात. आता सिस्टर फार उरल्या नाहीत, वर्गावर पगारी शिक्षक आले. मग फी वाढणारच की.

तरी ऑफिसात विचार, फीमध्ये सवलत मिळते का. विचारायला लाजू नकोस. आणि बाबांना फीपेक्षा प्रार्थनेचीच काळजी आहे. रेवाला एकदा फोनवर त्यांना रामरक्षा म्हणून दाखवायला सांग.

तुझी,
आई