सेमिनारचे इंग्रजी आलेखापाशी शिकवा

विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग काढावेत, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. हेतू चांगला, पण उपाय अपुरा आहे. पुण्यात एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला येणारी मराठी माध्यमाची मुले सेमिनारमध्ये व्याकरणापाशी कमी आणि आकृतीपाशी जास्त अडतात. स्लाइडवरची वाक्ये पाठ असतात. पण 'स्पर्धक इनहिबिटर घातल्यावर केएम वाढला, मग व्हीमॅक्स तेवढाच कसा?' असे कुणी विचारले की बोलणे थांबते. (एन्झाइम म्हणजे अभिक्रिया जलद करणारा जैविक रेणू, सबस्ट्रेट म्हणजे तो ज्यावर काम करतो तो पदार्थ, इनहिबिटर म्हणजे एन्झाइमला रोखणारा पदार्थ; व्हीमॅक्स हा अभिक्रियेचा कमाल वेग आणि केएम म्हणजे त्याच्या निम्मा वेग गाठायला लागणारे सबस्ट्रेटचे प्रमाण.) हाच प्रश्न आधी मराठीत विचारावा. इनहिबिटर एन्झाइमवरची सबस्ट्रेटचीच जागा अडवतो आणि सबस्ट्रेट भरपूर वाढवला की मागे पडतो, हे ज्याला मराठीत नीट सांगता येते, त्याला ते इंग्रजीत मांडायला वेळ लागत नाही. ज्याला येत नाही, त्याला संभाषणवर्गाचा काय उपयोग?

सराव एकाच आलेखावर, फळ्यापाशी व्हावा. पाच मिनिटांत आधी दोन्ही अक्षांवर काय आहे ते एककांसह सांगावे, मग कंट्रोल (तुलनेसाठी घेतलेला, बदल न केलेला नमुना), मग फरक आणि निष्कर्ष सर्वांत शेवटी. अक्ष न सांगता निष्कर्षावर उडी मारली की ऐकणाऱ्याचा धागा तुटतो. पुढची पाच मिनिटे वर्गातल्या मुलांनीच प्रश्न विचारावेत. प्राध्यापकांनी बोलणाऱ्याला मध्येच थांबवून इंग्रजी सुधारू नये. चुका टिपून नंतर सांगाव्यात. सेमिनारचे निम्मे गुण या प्रश्नोत्तरांना ठेवले, तर हा सराव वर्षभर होईल.

– जीवरसायनशास्त्राची एक शिक्षिका, कोथरूड, पुणे