पावसाळ्यानंतर खेचरांच्या जंताचं औषध कोण बघणार?

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळी झाली आणि आमच्या पलूस भागात कृष्णाकाठच्या वीटभट्ट्या परत सुरू झाल्या. आमच्या दावणीला चार खेचरं होती, आता तीन आहेत. चौथं गेल्या वर्षी याच दिवसात गेलं, तेव्हापासनं हे पत्र लिहायचं मनात आहे.

भट्टीचं काम दिवाळी ते मे. पावसाळ्यात कमाई बंद मग चंदी, म्हणजे दाणा, कुठनं घालणार, सगळे आपली जनावरं नदीकाठच्या मळीला नाहीतर गायरानात सोडतात. हिरवं खाऊन अंगानं भरतील असं वाटतं, पण तिथंच घात होतो. लिदेतनं जंताची अंडी पडतात, ओल आणि ऊब मिळाली की आठवडा-दीड आठवड्यात त्याच्या अळ्या होतात, गवताच्या ओल्या पात्यावर चढतात आणि तेच गवत जनावर खातं. उन्हाळ्याच्या कडक उन्हात यातल्या बऱ्याच वाळून मरतात, पावसाळ्यात मरत नाहीत. म्हणजे खेचर पोटात भरपूर जंत घेऊन कामावर येतं आणि आपण त्याच आठवड्यात पाठीवर विटा लादतो.

आमचं खेचर गणपतीपासनंच हडकत चाललेलं, केस राठ झालेले, शेपटीचं बूड भिंतीला घासायचं. मी दुकानातनं शेळ्यामेंढ्यांची जंताची बाटली आणली आणि अंदाजानं पाजली. भट्टीवर तिसऱ्या दिवशी ते खाली पडून लोळायला लागलं, मान वळवून सारखं पोटाकडं बघायचं, घामानं भिजलेलं. डॉक्टर रात्री आले, त्यांनी खूप प्रयत्न केले पण पहाटे गेलं. नंतर त्यांनी पोट उघडून दाखवलं. आतड्याला रक्त नेणारी मोठी धमनी सुजून जाड झालेली, आत रक्ताची गुठळी, जंताच्या अळ्या तिथवर जातात हे मला माहीतच नव्हतं. जठराला आतनं माशीच्या जाड अळ्या चिकटलेल्या. पावसाळ्यात पुढच्या पायाच्या केसांवर बारीक पिवळी अंडी दिसतात ना, ती याच माशीची, जनावर पाय चाटतं आणि पोटात जातात. आम्ही ती रोज बघायचो आणि सोडून द्यायचो.

डॉक्टर म्हणाले, औषध वजनावर असतं. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० किलोच्या खेचराला ६० मिलिग्रॅम, आणि खेचराला ते तोंडातनं द्यायचं, गाईम्हशीचं इंजेक्शन टोचायचं नाही. कमी डोस दिला की जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच एक औषध सारखं सारखं दिलं तरी तसंच होतं, फेनबेंडाझोल नावाच्या जंताच्या दुसऱ्या औषधाचं तर असं बऱ्याच देशात झालंय. म्हणून आधी लीद तपासायची, अंडी किती आहेत ते मोजायचं आणि मग ठरवायचं, कारण कळपातल्या थोड्याच जनावरांच्या पोटात बहुतेक जंत असतात. हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि सांगणार तरी कोण? लाळ्या-खुरकुताच्या लसीची मोहीम गावात येते, पण तो रोग खेचराला होतच नाही त्यामुळं ती माणसं आमच्या दावणीला थांबत नाहीत. जंतनाशकाचं शिबिर लागलं तर गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या. २०१२ च्या पशुगणनेत देशात १ लाख ९६ हजार खेचरं होती, २०१९ ला ८४ हजार राहिली, आकडा एवढा कमी म्हणून कुणाच्या यादीत नाही असं असेल तर ते बरोबर नाही, कारण ज्याची आहेत त्याचं घर त्यांच्यावरच चालतं.

माझी मागणी एवढीच. भट्ट्या सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरात, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यानं खेचरं, गाढवं, घोडी यांच्यासाठी एक दिवस द्यावा, लीद तपासणी आणि वजनाप्रमाणे औषध. शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथल्या मुलांनाही शिकायला मिळेल. भट्टीमालकांनी उचल देताना औषधाचे पैसे वेगळे द्यावेत, ते उचलीत धरू नयेत. आणि दावणीची लीद आठवड्यातनं दोनदा उचलायला पैसे लागत नाहीत, आम्ही यंदा तसं करतोय. यंदाचा ऑक्टोबर गेला, पण तपासणी आत्ताही होऊ शकते. आमच्या भट्टीवरच्या सगळ्या जनावरांची लीद डब्यात भरून, डब्यावर खूण करून मी स्वतः दवाखान्यात आणून देतो.

आपला वाचक,
एक खेचरवाला, ता. पलूस, जि. सांगली