मिस फॅरार आणि नगरच्या जुन्या मुलींच्या शाळांचे कागद : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

सिंथिया फॅरार १८२७च्या अखेरीस अमेरिकेतून मुंबईत उतरल्या. अमेरिकन बोर्ड या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने परदेशी धाडलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. आधी मुंबईत, १८३९पासून आपल्या नगरात त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि २५ जानेवारी १८६२ रोजी येथेच देह ठेवला. जोतीरावांनी नगरला येऊन त्यांचे काम पाहिले, १८४८मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही बाईंकडे झाले. एवढा वारसा, आणि या शाळांचे कागद जपण्यासाठी केलेल्या मागील आवाहनाला मोजक्याच घरांनी दाद दिली, याचे वाईट वाटते.

ज्यांनी दिली त्यांचे उपकार मात्र फिटणारे नाहीत. माळीवाड्यातील निवृत्त शिक्षिकांनी सासूबाईंच्या काळापासून रुमालात बांधलेले हजेरीपट विश्वासाने सोपवले. कापड बाजारातील एका व्यापारी बंधूंनी लोखंडी कपाट दिले, वर दप्तरांसाठी मांजरपाटही. मोडी वाचणाऱ्या दोन ज्येष्ठांनी उन्हाळाभर विनामोबदला लिप्यंतर केले. त्यांच्यामुळेच इथवर आलो.

आता घाई आहे. जुन्या शाईतले लोह कागद खाते, अक्षरांच्या जागी भोके पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला लगद्याचा कागद हात लावताच तुटतो. पावसाळ्यात बुरशी, कसर, वाळवी. त्यात काही घरांनी प्रेमापोटीच लॅमिनेशन केले, सेलोटेप लावली. टेपचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, लॅमिनेशन तर सोडवताच येत नाही. कृपया हे करू नका. प्लास्टिक पिशवीतही ठेवू नका, आत ओल धरते. ओले झाले तर पाने सोडवू न जाता पंख्याखाली सावलीत वाळवावे, उन्हात नाही. चिकटलेली पाने तशीच आणावीत. वही सपाट दाबून स्कॅन केल्यास शिवण उसवते, म्हणून आम्ही ती अर्धवट उघडी ठेवून वरून छायाचित्र घेतो, फ्लॅशशिवाय.

हवे आहे : आम्लरहित कागद व खोकी, मऊ ब्रश, सुती नाडी, कॅमेऱ्याचा स्टँड, दोन हार्ड डिस्क (एक प्रत दुसऱ्या घरी राहील), मोडी जाणणारे. वस्तू किंवा रोख, दोन्ही चालेल, पावती लगेच. मूळ कागद द्यायचे नसल्यास छायाचित्र घेऊन त्याच दिवशी परत. कागदावर खूण करू नये. घराचे नाव, गाव, कोणाकडून आले ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे. दर रविवारी सकाळी १० ते १, कार्यालयात. पावसाळ्याआधी यावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
कार्यवाह