गादी कॉटवर घाल

जांबोटी, ता. खानापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज सांगून गेलास की, वसतिगृहातल्या तुझ्या खोलीतल्या मित्राचा पाळीव साप चार दिवसांपासून पेटीतून निसटला आहे, आणि कॉट करकरते म्हणून तू अजून गादी जमिनीवर घालूनच झोपतोस. तो कॉर्न स्नेक आहे, बिनविषारी आहे, उंदरांना विळखा घालून मारतो, हे तू समजावलेस आणि मला ते पटलेही. तरीही बाळा, कॉटवर झोप.

तात्यांचे तुला ठाऊक आहे. आषाढात ते सोप्यात घोंगडीवर झोपले होते आणि मण्यार अंथरुणात शिरली. तिच्या दंशाला बहुधा ना वेदना, ना सूज. पहाटे पोटात दुखते म्हणून त्यांनी माझ्याकडे ओव्याचे पाणी मागितले, मी ते घेऊन आलो तोवर त्यांच्या पापण्या मिटू लागल्या होत्या आणि घोट गिळता येईना. तो तांब्या मी कितीतरी वेळ हातात धरून उभा होतो.

अमेरिकेत मण्यार नाही, हे मला कळते. चुकून भीती तुझ्यावर लादली, राग मानू नकोस.

वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना मात्र आजच सांगा. नियमात बसत नाही म्हणून मित्र लपवत असेल, पण शेजारच्या खोलीत कोणी घाबरून काठी उचलली तर तो मुका जीव हकनाक जाईल. आजोबांनी भाताच्या कणगीखालची धामण कधी कोणाला मारू दिली नाही. काल तू "तोच बिचारा गारठला असेल" म्हणालास, तेव्हा त्यांचाच आवाज ऐकल्यासारखे झाले आणि मला फार अभिमान वाटला.

साप ऊब शोधतो. फ्रिजच्या मोटरीमागे, हीटरजवळ, पुस्तकांच्या खोक्यांत पाहा. रात्री भिंतीच्या कडेने पीठ भुरभुरून ठेवा, म्हणजे तो फिरला तर सकाळी माग दिसेल. चिकट सापळा लावू नका, त्यात त्याची कातडी सोलवटते. सापडेपर्यंत बूट झटकून घाल, पांघरूण झटक आणि गादी जमिनीवर घालू नकोस. पुन्हा तेच लिहिले.

तुझ्या आईला यातले काही सांगितलेले नाही. कॉटचे नटबोल्ट आवळ आणि सांध्यांना थोडे मेण चोळ, करकर थांबेल. मग त्यावर अंथरूण घातलेला फोटो मला पाठव.

तुझा,
बाबा